गुण कशाचे, किती आणि कुणासाठी?

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान मंडळाने छोट्या यंत्रमानवांची स्पर्धा घेतली. नियम करणे आणि परीक्षण करणे ही दोन्ही कामे माझ्याकडे होती. खेळ साधा होता. टेबलावर टेबल-टेनिसचे दहा चेंडू ठेवलेले. मुलांनी मोटार, दोरी, पत्रा आणि खेळण्यांचे सुटे भाग वापरून केलेल्या गाडीने ते उचलून खोक्यात टाकायचे. वेळ तीन मिनिटे. खोक्यात पडलेल्या प्रत्येक चेंडूला २ गुण, गाडी टेबलावरून पडली तर १० गुण वजा. मुलांनी वेळेचे नियोजन करावे म्हणून मी आणखी एक ओळ घातली होती : वेळ संपताना गाडी सुरुवातीच्या चौकटीत असल्यास १५ गुण.

नववीतल्या दोन मुलींची पाळी आली. त्यांनी गाडी चौकटीत ठेवली आणि तीन मिनिटे ती हलवलीच नाही. शिट्टी वाजली तेव्हा त्यांचे १५ गुण झाले होते. तोपर्यंतच्या सर्वांत चांगल्या संघाने पाच चेंडू टाकून १० गुण मिळवले होते, पण परतायला त्याला उशीर झाला होता. सभागृहात हशा पिकला. मला मात्र राग आला. गाडी हललीच नाही तर ती परत आली असे कसे म्हणायचे, असे सांगून मी त्यांना शून्य गुण दिले. त्यांतली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, परत यायला हवं असं कुठे लिहिलंय? वेळ संपताना चौकटीत असावी, एवढंच लिहिलंय."

नंतर कळले, त्यांच्या गाडीचा हात आदल्या संध्याकाळी मोडला होता. मग त्यांनी नियमांचा कागद घेतला, गणित मांडले आणि न हलण्यात सर्वांत जास्त गुण आहेत हे शोधून काढले. त्या सभागृहात माझे नियम काळजीपूर्वक वाचणाऱ्या त्या दोघीच होत्या, आणि शून्य मिळाले तेही त्यांनाच.

चूक कुणाची होती? १५ गुण म्हणजे साडेसात चेंडू. तीन मिनिटांत साडेसात चेंडू टाकणे त्या गाड्यांना शक्यच नव्हते. हा भागाकार मी आधी केला असता तर पुढचे काहीच घडले नसते. तेव्हापासून खेळाचे नियम आणि गुणदान यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. या विषयाचा सर्वांत मोठा, उघड्यावर झालेला आणि कागदोपत्री नोंदलेला प्रयोग अमेरिकेत तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. आपण शिक्षक मंडळींनी तो चिकित्सक दृष्टीने पाहावा असे मला वाटते. आपणही रोज गुण देतोच!

दरवर्षी नवा खेळ

'फर्स्ट' ही संस्था डीन केमेन या संशोधक-उद्योजकाने १९८९ मध्ये स्थापन केली. खेळाच्या कल्पनेमागे एम.आय.टी.मधले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांचा अनुभव होता. आपल्या यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमात ते विद्यार्थ्यांना ठराविक सामान देऊन यंत्रे करायला लावत आणि त्यांची स्पर्धा घेत. 'फर्स्ट'ची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मँचेस्टर गावी झाली. तीत २८ संघ होते. आज ही स्पर्धा अनेक देशांत पसरली आहे.

या स्पर्धेची खासियत अशी की खेळ दरवर्षी बदलतो. जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. २०१९ पर्यंत संघांना यंत्र बांधायला सुमारे सहा आठवडे मिळत. मैदानावर तीन-तीन संघांच्या दोन आघाड्या समोरासमोर येतात. सामना सुमारे अडीच मिनिटांचा. प्राथमिक फेरीत कोण कुणाबरोबर खेळणार हे संघाच्या हाती नसते. आज जो भिडू तोच उद्या प्रतिस्पर्धी. प्राथमिक फेरीअखेर क्रमवारी लागते आणि वरचे संघ बाद फेरीसाठी आपले भिडू निवडतात.

म्हणजे इथे गुण दोन प्रकारचे. एक सामन्यातले गुण, ज्यांवर हारजीत ठरते. दुसरे क्रमवारीचे गुण, ज्यांवर पुढे कोण जाणार ते ठरते. आपल्या भाषेत सांगायचे तर एक चाचणीचे गुण आणि दुसरा वर्षअखेरचा निकाल. या दोहोंचा मेळ बसला नाही तर काय होते ते पाहू.

२०१० : हरणाऱ्याचे हित

२०१० चा खेळ फुटबॉलसारखा होता. चेंडू गोलात गेला की एक गुण. 'स्पर्धेतही सहकार्य' हे या संस्थेचे आवडते तत्त्व. कमजोर प्रतिस्पर्ध्याला चिरडू नये म्हणून त्या वर्षी क्रमवारीचे सूत्र असे केले : जिंकलेल्या आघाडीला स्वतःचे गुण अधिक हरलेल्यांच्या गुणांची दुप्पट, आणि हरलेल्या आघाडीला जिंकलेल्यांच्या गुणांइतके गुण. (दंडाचा तपशील इथे सोडून देतो.)

हेतू स्वच्छ होता. ८–४ असा सामना झाला तर विजेत्यांना ८ + ८ = १६ आणि पराभूतांना ८. प्रतिस्पर्ध्याने चार गोल केले याचा विजेत्याला आनंदच व्हावा!

आता हेच गणित हरणाऱ्याच्या बाजूने करा. आपण हरणार हे त्याला ठाऊक आहे. आपले चार गोल त्याने आपल्या खात्यात टाकले तर त्याला ८ मिळतात. तेच चार गोल त्याने प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात टाकले तर सामना १२–० होतो आणि त्याला १२ मिळतात. म्हणजे हरणाऱ्याचे हित स्वतः गोल न करण्यात, उलट समोरच्यासाठी गोल करण्यात! आणि विजेत्याला? १६ ऐवजी १२. सहकार्य वाढावे म्हणून केलेल्या सूत्राने जिंकणाऱ्याचे आणि हरणाऱ्याचे हितसंबंध विचित्र रीतीने उलटे केले. सहाही यंत्रे एकाच गोलात चेंडू मारतात असे सामने काही ठिकाणी दिसले. प्रेक्षकांना त्यांचा अर्थच लागेना.

मोसम चालू असतानाच मग विजयासाठी ५ जादा गुणांची भर घालण्यात आली. पण ही भर पुरेशी होती का? ज्याला जिंकण्याची थोडी तरी आशा आहे त्याला ती लढायला लावते, हे खरे. ज्याचा पराभव निश्चित आहे त्याच्या गणितात मात्र तिने काहीच फरक पडत नाही. त्याच्यापुढे अजूनही ८ की १२ हाच प्रश्न. ठिगळ लावले ते सदऱ्याच्या फाटलेल्या जागी नव्हे, शेजारी.

यावर उपाय करणे अवघड नव्हते. 'स्वतः केलेला कोणताही गोल स्वतःचे नुकसान करणार नाही' ही एकच अट नियमकर्त्याने घातली असती आणि प्रत्येक सूत्र तिच्यावर तपासले असते, तर हा दोष कागदावरच सापडला असता.

२०१४ आणि २०१५ : कमजोर गड्याची किंमत

माझ्या मते या सगळ्या इतिहासात सर्वांत शिकण्याजोगी ही दोन वर्षे आहेत.

२०१४ च्या खेळात प्रत्येक आघाडीला एका वेळी एकच मोठा चेंडू मिळे. वरच्या गोलात टाकला की १० गुण, खालच्या गोलात १. मैदानाच्या मध्यावरच्या आडव्या सांगाड्यावरून पलीकडे टाकला की १०. खरी गंमत पुढे होती. गोल होण्याआधी चेंडू दोन यंत्रांनी हाताळला असेल तर १० जादा, आणि तिन्ही यंत्रांनी हाताळला असेल तर ३० जादा. सांगाड्यावरून टाकून वरचा गोल केला आणि तिघांचा हात लागला, तर ५० गुण. तिसऱ्याला वगळले तर ३०.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तिसरा संघ कितीही कमजोर असो, त्याची गाडी चेंडूला धड पकडूही शकत नसो. तिने चेंडू आपल्या क्षेत्रात नुसता सांभाळून पुढे ढकलला तरी प्रत्येक फेरीत तिची किंमत २० गुण होती. परिणाम असा झाला की सामन्याआधी बलवान संघ कमजोर संघाकडे जाऊ लागले. तुमच्या गाडीला इथे एक पट्टी लावू, म्हणजे चेंडू अडेल, असे म्हणत स्वतःचे सामान देऊ लागले. सहकार्यावरच्या दहा व्याख्यानांनी जे होत नाही ते ३० या आकड्याने केले.

त्याच वर्षी त्याच नियमपुस्तकात एक मोठी चूकही होती. साध्या नियमभंगाला प्रतिपक्षाला २० गुण आणि गंभीर नियमभंगाला ५०. पन्नास म्हणजे तिघांनी मिळून केलेली, सांगाड्यावरून टाकलेली, वरच्या गोलाची संपूर्ण फेरी! धडपडीच्या खेळात कुणाचा तरी हात चुकून कुंपणापलीकडे जाणार, कुणी तरी चुकून आदळणार. अशा एखाद्या क्षणी अख्ख्या फेरीइतकी किंमत मोजावी लागे आणि फलक पाहणाऱ्याला कळत नसे की सामना खेळावर जिंकला की दंडावर. दंड एवढाच असावा की मुद्दाम नियम मोडणे परवडू नये. त्याहून मोठा दंड शिस्त शिकवत नाही, भीती शिकवतो. उत्तरपत्रिकेत एकक लिहायला विसरला म्हणून अख्ख्या गणिताचे गुण कापणारे परीक्षक आपण पाहिलेले आहेतच.

आता २०१५. दंडाच्या आणि धडकाधडकीच्या तक्रारी ताज्या असताना आलेल्या या खेळात आघाड्यांना मैदानाच्या वेगवेगळ्या अर्ध्या भागांत ठेवले होते, मध्ये एक पायरी. अडवाअडवी जवळपास संपलीच. काम होते प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचायचे आणि वर कचऱ्याचा पिंप ठेवायचा. प्रत्येक क्रेटला २ गुण. पिंप जितक्या क्रेटवर बसवला असेल तितके गुणिले ४. पिंपात फोमची लांब नळी खोवली तर आणखी ६. प्राथमिक फेरीत हारजीतच काढून टाकली. क्रमवारी सरासरी गुणांवर.

गणित करू. सहा क्रेटची रास = १२. वर पिंप = २४. नळी = ६. एकूण ४२. त्यांतले ३० गुण पिंप आणि नळीचे. प्रत्येक आघाडीकडे आपल्या भागात पिंप फक्त तीन. आणखी चार मधल्या पायरीवर, दोघांच्या सामाईक. क्रेट कितीही रचले तरी पिंप संपले की रास १२ गुणांवर अडकली.

याचे दोन परिणाम झाले. पहिला असा की मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या फेऱ्यांत सगळे लक्ष त्या चार पिंपांवर गेले. शिट्टी वाजताच ते ओढून घेणारे हात संघांनी तयार केले, आणि त्यांच्या वेगाची चढाओढ अर्ध्या सेकंदाच्याही आत येऊन पोचली. अडीच मिनिटांचा खेळ, पण त्याचे पारडे पहिल्याच क्षणाला झुकलेले. यंत्ररचना म्हणून ते हात अप्रतिम होते, यात शंका नाही. पण उरलेले एकशे एकोणपन्नास सेकंद कशासाठी होते?

दुसरा परिणाम मला अधिक बोचतो. जागा अरुंद, रचलेल्या राशी डळमळीत. अशा ठिकाणी कमजोर गाडी फिरू लागली तर ती रास पाडण्याचीच शक्यता जास्त. आदल्या वर्षी जिची किंमत फेरीमागे अधिक २० होती, तिची किंमत आता शून्य किंवा त्याहून कमी. साहजिकच बलवान भिडू तिला काय सांगणार? 'तुम्ही कोपऱ्यात उभे राहा.' सहा आठवडे रात्री जागून, घरच्यांची बोलणी खाऊन मुलांनी यंत्र बांधायचे आणि मैदानावर ते कोपऱ्यात उभे करायचे! कुणी दुष्ट नव्हते. मुले तीच, मार्गदर्शक तेच, 'सौजन्यपूर्ण व्यावसायिकता' ही शिकवणही तीच. बदलली होती फक्त गुणांची सारणी.

त्या वर्षीची चांगली बाजूही सांगायला हवी. पायरीवर दोन्ही आघाड्यांनी मिळून चार पिवळे क्रेट एकावर एक रचले तर दोघींनाही ४० गुण मिळत. क्रमवारी सरासरीवर असल्याने समोरच्याचे ४० वाढले म्हणून माझे काही बिघडत नव्हते. त्यामुळे प्रतिस्पर्धी सामन्याआधी भेटून, तुम्ही क्रेट ठेवा, आम्ही त्यावर रचतो, असे ठरवू लागले. २०१० मध्ये जे सूत्र फसले त्याचाच हा सुधारलेला अवतार म्हणता येईल. सहकार्य करणाऱ्या दोघांनाही फायदा, आणि कुणालाही आपले काम अर्धवट सोडावे लागत नाही. २०१६ मध्ये हारजीत परत आली आणि अडवाअडवीही.

पायऱ्या आणि उतार

२०१७ च्या खेळातले एक उदाहरण गणिताच्या शिक्षकांना आवडेल. उंच गोलात चेंडू टाकायचे. यंत्र चालकांच्या हाती आल्यानंतरच्या वेळेत तीन चेंडूंना १ गुण. शेवटी दोर चढून वर गेले की ५० गुण. म्हणजे एक चढाई बरोबर दीडशे चेंडू! नेमबाज यंत्र बांधणे हे त्या वर्षीचे सर्वांत अवघड काम, पण ते टाळून दोर चढणे आणि दातेरी चाके पोचवणे एवढेच केले तरी चालत होते. बहुसंख्य संघांनी तेच केले. ज्या कामासाठी मैदानभर शेकडो चेंडू पसरले होते, ते गुणांच्या सारणीनेच दुय्यम ठरवले.

त्याच खेळात दातेरी चाके आणून चार फिरकी-यंत्रे चालू करायची होती. चालू झालेल्या प्रत्येकाला ४० गुण. पण पहिल्याला एक चाक लागे, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, चौथ्याला सहा. चौथ्यासाठी पाच चाके आणलेल्या संघाला आणि एकही न आणलेल्या संघाला त्या कामाचे गुण सारखेच, म्हणजे शून्य. गुणांचा आलेख उतारासारखा न राहता पायऱ्यांचा झाला. पायरी उंच असली की तिच्या आतले सगळे कष्ट अदृश्य होतात. प्रयोगाचे उत्तर चुकले म्हणून मांडणी, निरीक्षणे आणि आलेख यांना शून्य देणे म्हणजे हीच पायरी.

पायऱ्या पूर्ण टाकाऊ नाहीत. 'काम पुरे करा' हे सांगण्यासाठी त्या उपयोगी असतात. पण पायरीच्या आत थोडा उतार हवा.

छत आणि जमीन

प्रश्नपत्रिका इतकी सोपी की निम्म्या वर्गाला पैकीच्या पैकी, किंवा इतकी अवघड की निम्म्यांना शून्य. दोन्ही निरुपयोगी, कारण दोन्हींत माणसामाणसांतला फरक कळत नाही. खेळालाही असे छत आणि अशी जमीन असते. २०२३ च्या खेळात प्रत्येक आघाडीने सामान ठेवायच्या २७ जागा होत्या. मोसम पुढे गेला तसे बलवान संघ त्या सगळ्या भरू लागले. मग वरच्या स्तरावरील स्पर्धांसाठी, सर्व जागा भरल्यावर आणखी ठेवलेल्या सामानालाही गुण देण्याचा नियम आला. २०२४ मध्ये क्रमवारीचा एक जादा गुण मिळवण्यासाठी साध्या स्पर्धांत १८ चकत्या टाकाव्या लागत. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धेत ही अट २१ आणि अंतिम स्पर्धेत २५ झाली. दोन्ही आघाड्यांनी ठरलेले सहकार्य साधले तर ती अनुक्रमे १५, १८ आणि २१ वर उतरे.

हा बदल मला योग्य वाटतो, आणि २०१० चा बदल योग्य वाटत नाही. दोन्ही मोसमात झाले, मग फरक काय? २०२४ मध्ये कामाचे स्वरूप बदलले नाही. जो चकत्या टाकायला यंत्र बांधून बसला होता, त्याला आणखी चकत्या टाकायच्या होत्या. शिवाय त्या स्तरावरच्या सर्वांना अट एकच होती. २०१० मध्ये मात्र एकाच स्तरावर आधी खेळलेल्यांना एक सूत्र लागले आणि नंतर खेळलेल्यांना दुसरे. यंत्र आकडे पाहून बांधलेले असते. आकडे मध्येच बदलले की ज्याने नियम सर्वांत नीट वाचले, त्याचेच सर्वांत जास्त नुकसान होते. नियमाचा अर्थ स्पष्ट करणे, धोका टाळणे, यासाठी मोसमात केव्हाही बदल करावा. वजने मात्र पुढच्या वर्षी बदलावीत. २०२५ मध्ये सामना जिंकण्याचे क्रमवारी-गुण २ वरून ३ केले, ते असेच नव्या खेळाबरोबर, सर्वांना आधी सांगून. जादा गुणांची संख्या वाढल्यावर विजयाची किंमत घसरू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडचे एक उदाहरण

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आशिया-पॅसिफिक प्रदेशात भरणारी 'रोबोकॉन' ही वेगळी स्पर्धा. २००८ मध्ये ती पुण्यात झाली तेव्हा खेळ दहीहंडीवर बेतला होता आणि त्याचे नाव 'गोविंदा' होते. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात झाली. त्या वर्षी यंत्राने आई किंवा वडील होऊन 'बालक' यंत्राला झोका, सीसॉ वगैरे खेळ खेळवायचे होते. सर्व कामे जो संघ आधी पुरी करील त्याने 'शाबास' मिळवून सामना तिथेच जिंकला, असा नियम होता.

अशा तात्काळ विजयाचा परिणाम दुहेरी असतो. बलवान संघांसाठी गुणांची सारणी जणू नाहीशीच होते; उरते फक्त घड्याळ. जो संघ सर्व कामे पुरी करू शकत नाही त्याच्यासाठी मात्र सारणी जिवंत राहते आणि प्रत्येक कामाचे श्रेय देते. वर घड्याळ आणि खाली सारणी ही जोडी मला समजूतदार वाटते. प्रेक्षकालाही ती कळते. 'सगळे झाले, शाबास!' हे समजायला नियमपुस्तक लागत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडले. आज ते साधारण असे सांगितले जाते : मोजमापालाच उद्दिष्ट केले की ते चांगले मोजमाप राहत नाही. माझ्या त्या चौकटीचे हेच झाले. वेळेच्या नियोजनाचे माप म्हणून मी चौकट आखली आणि मुलींनी चौकट गाठली. पण यावरून 'गुणच नकोत' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. २०१४ चे ३० गुण आठवा. आकडा योग्य जागी बसला तर तो कमजोर मुलाला खेळात घेतो. म्हणून आकडे काळजीने बसवायचे.

शाळेत विज्ञान स्पर्धा किंवा प्रदर्शन घेणाऱ्या शिक्षकांनी नियम जाहीर करण्याआधी पुढील पाच प्रश्न स्वतःला विचारावेत :

१. प्रत्येक कामाला किती सेकंद लागतात आणि त्याचे सेकंदाला किती गुण पडतात? ज्या कामासाठी स्पर्धा आहे ते या यादीत वर येते का?

२. काहीच न करणाऱ्याला किती गुण मिळतात?

३. सर्वांत कमजोर संघ खेळात उतरला तर त्याच्या भिडूंचे गुण वाढतात की घटतात?

४. सर्वांत मोठा दंड सर्वांत मोठ्या कामाच्या किमतीच्या किती पट आहे? एकपट असेल तर तो कमी करा.

५. स्वतःचे काम चांगले केल्याने कुणाचा क्रम खाली जाईल अशी एखादी परिस्थिती आहे का?

या प्रश्नांना संगणक लागत नाही. बेरीज, गुणाकार आणि भागाकार येणारा सातवीचा विद्यार्थी ते सोडवू शकेल. किंबहुना ते विद्यार्थ्यांनाच द्यावेत.

त्या स्पर्धेच्या पुढच्या वर्षी मी तेच केले. नियमांचा कच्चा मसुदा महिनाभर आधी शाळेत पाठवला आणि सोबत चिठ्ठी लिहिली : 'या नियमांना न मोडता यांची जितकी फजिती करता येईल तितकी करून कळवा. प्रत्येक फजितीला बक्षीस.' एकूण अकरा फजित्या आल्या. त्यांतल्या चार खऱ्या होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. एकीत एका मुलाने दाखवले होते की खोकेच ओढून चेंडूंवर उपडे टाकले तर दहाही चेंडू 'खोक्यात' येतात. खोके टेबलाला खिळ्यांनी पक्के करण्याचा नियम त्यातून आला. परतण्याचे गुण १५ वरून ४ केले, आणि तेही निदान एक चेंडू टाकला असेल तरच.

त्या दोन मुली तेव्हा दहावीत होत्या, म्हणून स्पर्धेत नव्हत्या. स्पर्धेच्या दिवशी त्या मागच्या बाकावर बसून पाहत होत्या. बक्षीस-समारंभात मी आदल्या वर्षीचा निकाल दुरुस्त केला. त्यांचे १५ गुण त्यांना परत दिले आणि पहिल्या क्रमांकाचे प्रमाणपत्र त्यांच्या नावाने वाचले. आदल्या वर्षीच्या विजेत्यांचे प्रमाणपत्र काढून घेतले नाही. चूक त्यांचीही नव्हती. दोन संघ पहिले आले, असे फलकावर लिहिले. एका वर्षाने उशिरा दिलेला न्याय कितपत न्याय, हे मला सांगता येणार नाही. प्रमाणपत्र घेताना त्यांतली एक, तीच शांत मुलगी, नव्या नियमांचा कागद दाखवून म्हणाली, "सर, तिसऱ्या नियमात अजून एक राहिलंय." आणि खरोखरच राहिले होते.